बहुपदी फलनाचा आलेख: तक्ता करण्याआधी काय पाहावे

आलेखवही उघडून य = क्ष⁵ − ५क्ष³ + ४क्ष या फलनाचा आलेख काढायला घेतला आहे, असे समजू. शाळेत लागलेल्या सवयीप्रमाणे क्ष ला −२, −१, ०, १ आणि २ या किमती दिल्या, तर पाचही वेळा य ची किंमत शून्य येते. पाचही बिंदू क्ष-अक्षावर पडतात आणि पट्टी लावून ते जोडले की आलेख म्हणून खुद्द क्ष-अक्षच हाती येतो. आकडेमोडीत कोठेही चूक झालेली नसते, तरीही आलेख पूर्णपणे चुकलेला असतो; कारण क्ष = १.५ घेतल्यास य = −३.२८१२५ येते आणि क्ष = ३ घेतल्यास य एकदम १२० होते. दोन बिंदूंच्या मध्ये फलन काय करते, हे तक्ता सांगत नाही, आणि आपण निवडलेल्या किमतींच्या पलीकडे काय घडते, हेही सांगत नाही.

आलेख काढायला बसताना किमतींचा तक्ता सर्वांत शेवटी करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याआधी बहुपदीच्या रूपाकडे नीट पाहून तिची टोके कोठे जातात, ती अक्षाला कोठे भेटते आणि भेटताना छेदून जाते की स्पर्श करून परत फिरते, एवढे ठरवावे. हे ठरले की आलेखाचा आकार जवळजवळ पूर्ण होतो आणि तक्त्यातील चार-पाच बिंदू केवळ उंची-खोली निश्चित करण्यापुरते लागतात.

बहुपदी आणि तिचे प्रमाण रूप

बहुपदीत चलाचे घातांक केवळ पूर्ण संख्या असतात, म्हणजे ०, १, २, ३ अशा. सहगुणक मात्र कोणत्याही वास्तव संख्या असू शकतात. म्हणून √२ ने गुणलेला क्ष³ चालतो, परंतु १/क्ष, √क्ष किंवा |क्ष| ही फलने बहुपदी ठरत नाहीत. आलेखाचे सगळे गुण या एका अटीतून येतात. बहुपदीची किंमत काढताना फक्त बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करावे लागतात, त्यामुळे क्ष ची कोणतीही किंमत चालते. आलेख कोठे तुटत नाही, त्याला टोकदार कोपरा येत नाही, आणि एखाद्या उभ्या रेषेला बिलगत तो वर निघून जात नाही. पट्टीने जोडलेल्या तुकड्यांचा आलेख बहुपदीचा असू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अपवाद फक्त सरळ रेषेचा, म्हणजे कोटी १ किंवा त्याहून कमी असलेल्या बहुपदीचा.

चलाचा सर्वांत मोठा घातांक ही बहुपदीची कोटी होय. ज्या पदात तो घातांक येतो त्याला या लेखापुरते अग्रपद म्हणू. बहुपदी नेहमी प्रमाण रूपात, घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहावी आणि जे पद नसेल त्याच्या जागी सहगुणक ० आहे, हे लक्षात ठेवावे. ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्य इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या बीजगणित या भागात अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात. मांडणीत तिच्यासाठी ‘या’ लिहिले जाते, वर्गासाठी ‘याव’, घनासाठी ‘याघ’, आणि ज्या पदात अज्ञात नाही त्यासाठी रूप या अर्थी ‘रू’. ऋण संख्येवर टिंब दिले जाते. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहिताना एका बाजूला नसलेले पद शून्य घालून दाखवण्याची रीत होती, म्हणजे घनाखाली घन आणि वर्गाखाली वर्ग येत असे. पुढे संश्लेषक भागाकार करताना हेच शून्य विसरल्यामुळे उत्तरे चुकतात, म्हणून त्याचा उल्लेख आधीच केला.

टोके कोठे जातात

आता एक साधे उदाहरण हाती घेऊ: य = क्ष³ − ३क्ष² + ४. क्ष = १०० असताना क्ष³ दहा लाख होतो, तर ३क्ष² केवळ तीस हजार; एकूण किंमत ९,७०,००४ येते. क्ष आणखी मोठा केला, तर अग्रपदापुढे इतर सर्व पदांचे मिळून वजन आणखी नगण्य होत जाते. म्हणून आलेखाची दोन्ही टोके कोणत्या दिशेला जातात, हे एकट्या अग्रपदावरून ठरते.

कोटी विषम असेल आणि अग्रपदाचा सहगुणक धन असेल, तर आलेख डावीकडे खालून येतो आणि उजवीकडे वर जातो. सहगुणक ऋण असेल, तर याच्या उलट. कोटी सम असेल, तर दोन्ही टोके एकाच बाजूला जातात: सहगुणक धन असल्यास वर, ऋण असल्यास खाली. आपल्या उदाहरणात कोटी ३ आणि सहगुणक १ आहे, म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला खाली एक लहान बाण आणि उजव्या बाजूला वर एक बाण आताच काढून ठेवावा. मधल्या भागाबद्दल या बाणांवरून काहीही कळत नाही. तसा तर्क करण्याचा मोह टाळावा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. विषम कोटीच्या बहुपदीचे एक टोक खाली आणि दुसरे वर असते व आलेख मध्ये तुटत नाही, म्हणून तो क्ष-अक्षाला निदान एकदा तरी छेदतोच. न तुटणारा आलेख ऋण किमतीकडून धन किमतीकडे जाताना शून्यातून गेलाच पाहिजे, ही गोष्ट डोळ्यांना उघड दिसते. परंतु तिची काटेकोर सिद्धता बोहेमियातील गणिती बर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ मध्ये दिली. सम कोटीच्या बहुपदीला अशी हमी नाही: क्ष² + १ चा आलेख अक्षाला कधीच भेटत नाही.

मुळे शोधणे

य-अक्षावरचा बिंदू विनासायास मिळतो, कारण क्ष = ० ठेवले की फक्त स्थिर पद उरते. आपल्या उदाहरणात तो बिंदू (०, ४) आहे.

क्ष-अक्षावरचे बिंदू शोधण्यासाठी बहुपदीची मुळे, म्हणजे य शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती, काढाव्या लागतात आणि हे काम सर्वांत कष्टाचे आहे. सहगुणक पूर्णांक असतील आणि अग्रपदाचा सहगुणक १ असेल, तर बहुपदीचे कोणतेही परिमेय मूळ पूर्णांक असते आणि ते स्थिर पदाला नि:शेष भागते. स्थिर पद ४ असल्यामुळे केवळ ±१, ±२ आणि ±४ या सहा संख्या तपासायच्या आहेत. अग्रपदाचा सहगुणक १ नसेल, तर ज्यांचा छेद त्या सहगुणकाचा विभाजक आहे असे अपूर्णांकही यादीत घ्यावे लागतात.

क्ष = −१ ठेवू: −१ − ३ + ४ = ०. म्हणजे अवयव सिद्धांतानुसार (क्ष + १) हा अवयव आहे. आता संश्लेषक पद्धतीने भागू. सहगुणक ओळीने लिहावेत: १, −३, ०, ४. यातील तिसऱ्या जागेवरचे शून्य म्हणजे नसलेल्या क्ष-पदाची राखलेली जागा होय. पहिला १ तसाच खाली उतरवावा. त्याला −१ ने गुणून −३ मध्ये मिळवावे, −४ येतात. −४ ला −१ ने गुणून ० मध्ये मिळवावे, ४ येतात. ४ ला −१ ने गुणून शेवटच्या ४ मध्ये मिळवावे, ० येते. शेवटचे शून्य ही बाकी आहे आणि आधीचे १, −४, ४ हे भागाकाराचे सहगुणक आहेत. भागाकार क्ष² − ४क्ष + ४ म्हणजेच (क्ष − २)² आहे. म्हणून

य = (क्ष + १)(क्ष − २)²

शेवटच्या चौकटीत शून्याऐवजी दुसरी संख्या आली, तरी श्रम वाया जात नाहीत. शेष सिद्धांतानुसार ती संख्या म्हणजे त्या ठिकाणची बहुपदीची किंमत असते, त्यामुळे तक्त्यातला एक बिंदू आपोआप मिळतो. मोठ्या कोटीच्या बहुपदीची किंमत काढायला ही रीत थेट घात काढण्यापेक्षा बरीच सोपी जाते.

किती मुळे शोधायची याचा अंदाज आधी घेता आला, तर तपासणी कमी होते. फ्रेंच गणिती रेने देकार्त यांनी १६३७ मध्ये मांडलेला चिन्हांचा नियम येथे उपयोगी पडतो: प्रमाण रूपातील शून्येतर सहगुणकांची चिन्हे ओळीने वाचावीत आणि ती किती वेळा बदलतात ते मोजावे, धन मुळांची संख्या तेवढीच असते किंवा तिच्याहून सम संख्येने कमी असते. ऋण मुळांसाठी क्ष च्या जागी −क्ष घालून हेच करावे. क्ष³ − ३क्ष² + ४ मध्ये चिन्हे +, −, + अशी असल्यामुळे ती दोनदा बदलतात, म्हणजे धन मुळे दोन किंवा शून्य. −क्ष घातल्यावर −क्ष³ − ३क्ष² + ४ मिळते, चिन्ह एकदाच बदलते, म्हणजे ऋण मूळ नक्की एक. येथे मुळे मोजताना २ हे मूळ दोनदा धरायचे असते.

छेदणे आणि स्पर्शून परतणे

हा या विषयाचा गाभा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो एका ओळीच्या नियमात उरकला जातो: अवयवाचा घात विषम असेल तर आलेख अक्षाला छेदतो, सम असेल तर स्पर्श करून परततो. नियम बरोबर आहे, पण तो का खरा आहे हे समजले, तर आलेखाचा आकारही त्यातूनच मिळतो.

क्ष = २ च्या अगदी जवळ जाऊन पाहू. तेथे (क्ष + १) ची किंमत ३ च्या आसपास असते आणि फारशी हलत नाही. बदलतो तो (क्ष − २)² हा भाग. म्हणजे २ च्या जवळपास आपली बहुपदी ३(क्ष − २)² या वर्ग बहुपदीसारखी वागते आणि तिचा आलेख वर उघडणाऱ्या वाटीसारखा, म्हणजे अन्वस्तासारखा दिसतो. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून आलेख अक्षाला स्पर्श करून वरच परततो. आता क्ष = −१ च्या जवळ जाऊ. तेथे (क्ष − २)² ची किंमत ९ च्या आसपास असते, म्हणून बहुपदी ९(क्ष + १) या सरळ रेषेसारखी वागते. तिचा चढ ९, म्हणजे आलेख तेथे अक्षाला बराच उभा छेदत वर जातो. एखाद्या अवयवाचा घात ३ असता, तर आलेख त्या मुळापाशी क्षणभर आडवा होऊन, अक्षाला जणू टेकून, मग पलीकडे गेला असता.

प्रत्येक मुळापाशी हेच करावे: तो अवयव बाजूला ठेवून उरलेल्या सर्व अवयवांत मुळाची किंमत घालावी. जी संख्या येईल तिच्यावरून त्या ठिकाणी आलेख किती उभा किंवा किती पसरट आहे आणि कोणत्या दिशेला जातो, हे कळते. मला स्वतःला ही एक कृती समजल्यानंतर आलेख काढणे हे बिंदू जोडण्याचे काम वाटेनासे झाले.

आता डावीकडून उजवीकडे जाऊ. −१ च्या डावीकडे य ऋण आहे. −१ ला आलेख अक्ष छेदून वर येतो. (०, ४) मधून जातो. २ ला अक्षाला स्पर्श करून परत फिरतो. आणि मग वर निघून जातो. डावीकडचा खालचा आणि उजवीकडचा वरचा बाण याच्याशी जुळतात. जुळले नसते, तर चिन्हाची कोठे तरी चूक झाली आहे असे समजून मागे जायचे असते.

आलेख −१ पासून चढून २ पर्यंत परत खाली येतो, म्हणजे मध्ये कोठे तरी त्याचा माथा असणार. तो नेमका कोठे आहे, हे अवकलनाने, म्हणजे वक्राचा चढ काढण्याच्या रीतीने, काढता येते. परंतु कोटी ३ च्या बहुपदीसाठी त्याहून सोपी वाट आहे. अशा प्रत्येक बहुपदीच्या आलेखाला एक मध्यबिंदू असतो आणि त्याभोवती आलेख १८० अंशांत फिरवला, तर तो स्वतःवरच येऊन बसतो. क्ष² च्या सहगुणकाला क्ष³ च्या सहगुणकाच्या तिपटीने भागून चिन्ह बदलले की त्या बिंदूचा क्ष-निर्देशक मिळतो: येथे −३ भागिले ३ म्हणजे −१, आणि चिन्ह बदलून १. क्ष = १ ला य = २. आता तळ (२, ०) येथे आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे. तो (१, २) भोवती फिरवला की (०, ४) मिळतो. म्हणजे य-अक्षावर मिळालेला तो पहिला बिंदूच माथा होता. यानंतर (−२, −१६), (३, ४) आणि (४, २०) एवढे बिंदू घेऊन वक्र हाताने, सलग, पट्टीशिवाय काढावा.

वळणांची संख्या तपासून पाहणे हेही चांगले. कोटी ‘न’ या संख्येने दाखवली, तर वळणे जास्तीत जास्त (न − १) असतात. ती त्याहून कमी असू शकतात, परंतु टोकांच्या दिशांमुळे विषम कोटीत वळणांची संख्या सम आणि सम कोटीत ती विषमच येते. आरंभीच्या क्ष⁵ − ५क्ष³ + ४क्ष चे अवयव पाडले, तर क्ष(क्ष − १)(क्ष + १)(क्ष − २)(क्ष + २) मिळतात. पाच वेगवेगळी मुळे असल्यामुळे आलेख पाच वेळा अक्ष छेदतो आणि मध्ये चार वळणे घेतो. सर्व घातांक विषम असल्यामुळे तो आरंभबिंदूभोवती सममित आहे, म्हणून उजवी बाजू काढली की डावी आपोआप मिळते. क्ष = ०.५४ च्या आसपास तो सुमारे १.४२ एवढा वर जातो आणि क्ष = १.६४ च्या आसपास सुमारे −३.६३ पर्यंत उतरतो. पाच शून्यांच्या तक्त्यात यातले काहीच नव्हते.

भास्कराचार्यांची दोन समीकरणे

बीजगणितात एक प्रश्न आहे: एखादी राशी बाराने गुणून तिच्यात तिचाच घन मिळवला, तर जे येते ते राशीच्या वर्गाच्या सहापटीत पस्तीस मिळवून येणाऱ्या संख्येइतके असते; ती राशी कोणती? आजच्या मांडणीत क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. भास्कराचार्य दोन्ही बाजूंतून ६क्ष² + ८ वजा करतात. डावीकडे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८ उरते आणि उजवीकडे २७. डावी बाजू (क्ष − २) चा पूर्ण घन आहे, म्हणून क्ष − २ = ३ आणि राशी ५.

याच युक्तीने आलेखही उलगडतो. य = क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ हे फलन य = (क्ष − २)³ − २७ असे लिहिता येते, म्हणजे हा साध्या क्ष³ चा आलेख उचलून दोन एकके उजवीकडे आणि सत्तावीस एकके खाली ठेवलेला आहे. कंसात वजा असताना आलेख उजवीकडे का जातो, असा प्रश्न हमखास पडतो. क्ष³ मध्ये जे काम क्ष = ० करत होता ते आता क्ष = २ करतो; मध्यबिंदू ० वरून २ वर गेला, म्हणून सारा आलेख उजवीकडे गेला. हा आलेख (२, −२७) पाशी क्षणभर आडवा होतो, पण वळत नाही, आणि अक्षाला फक्त ५ पाशी छेदतो. अवयव (क्ष − ५)(क्ष² − क्ष + ७) असे पडतात; दुसऱ्या अवयवाचा विवेचक १ − २८ = −२७ आहे, म्हणून त्याची मुळे संमिश्र आहेत आणि अक्षावर दिसत नाहीत. कोटी ३ म्हणून दोन वळणे असलीच पाहिजेत, ही समजूत या आलेखाने दूर होते.

दुसरा प्रश्न अधिक सुंदर आहे. राशीच्या दोनशेपटीत तिचा वर्ग मिळवून त्याची दुप्पट करावी आणि ती राशीच्या वर्गवर्गातून वजा करावी. बाकी दहा हजाराला एक कमी येते. म्हणजे क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९. भास्कराचार्यांनी दोन्ही बाजूंत ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवले. डावीकडे (क्ष² + १)² होते आणि उजवीकडे (२क्ष + १००)². वर्गमुळे घेतली की क्ष² + १ = २क्ष + १००, आणि त्यातून राशी ११ येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे आणि ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला, त्या आचार्यांच्या या उदाहरणाचा आलेख विद्यार्थ्यांकडून क्वचितच काढून घेतला जातो, ही खंत वाटते. कारण आलेखपद्धतीतल्या बऱ्याच अडचणी त्यात एकत्र येतात.

य = क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष − ९९९९ हे फलन घेऊ. कोटी सम आणि अग्रसहगुणक धन, म्हणून दोन्ही टोके वर. स्थिर पद −९९९९, म्हणजे य-अक्षावरचा बिंदू फार खाली. टोके वर आणि मध्यभाग खाली असल्यामुळे य-अक्षाच्या प्रत्येक बाजूला निदान एक मूळ असणारच. चिन्हे +, −, −, − अशी आहेत, ती एकदाच बदलतात, म्हणून धन मूळ नक्की एक. वरच्या वर्गांच्या वजाबाकीवरून अवयव (क्ष² − २क्ष − ९९)(क्ष² + २क्ष + १०१) असे पडतात. पहिल्यातून ११ आणि −९ ही मुळे मिळतात; दुसऱ्याचा विवेचक ४ − ४०४ = −४०० असल्यामुळे तेथून वास्तव मूळ मिळत नाही. म्हणजे आलेख −९ पाशी अक्ष छेदून खाली जातो आणि ११ पाशी छेदून वर येतो.

अडचण येते ती प्रमाणाची. दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक घेतले, तर हा आलेख कोणत्याही वहीत मावणार नाही. क्ष-अक्षावर १ सेंमी = २ एकके आणि य-अक्षावर १ सेंमी = २००० एकके घ्यावीत. आता काही बिंदू काढू: (−१०, ३८०१), (−५, −७४२४), (०, −९९९९), (४, −११३७५), (५, −११४२४), (१०, −४१९९), (१२, ५६४९). तळ ४ आणि ५ यांच्या मध्ये, ४.७१ च्या आसपास आहे आणि तेथे य सुमारे −११४३५ आहे. वाटी तिरकी आहे, तिचा तळ दोन मुळांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १ वर नाही. ही तिरकस ओढ −४००क्ष या पदामुळे आली आहे. क्ष = ० च्या जवळपास क्ष⁴ आणि २क्ष² ही पदे इतकी लहान असतात, की आलेख तेथे जवळजवळ सरळ रेषेत उतरतो.

जिओजेब्रा किंवा डेस्मॉस यांसारखे आलेख काढणारे संगणकीय साधन वापरणाऱ्यालाही हे माहीत असावे लागते. डेस्मॉसच्या पडद्यावर आरंभी क्ष-अक्षाचा साधारण −१० ते १० एवढा भाग दिसतो. त्यात हे फलन टाकले, तर −९ पाशी एक जवळजवळ उभी रेघ दिसते आणि बाकी काहीच दिसत नाही, कारण ११ पडद्याबाहेर आणि तळ अकरा हजार एकके खाली. कोठे पाहायचे हे साधनाला आपणच सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी आधी कागदावर टोके, मुळे व स्थिर पद यांचा विचार केलेला असावा लागतो.

आलेखावरून सूत्र

उलट काम तुलनेने सोपे आहे. एखाद्या आलेखाने −३ पाशी अक्ष छेदला, १ पाशी स्पर्श करून तो परतला, (०, ६) मधून तो गेला आणि कोटी ३ आहे हे माहीत असेल, तर य = अ(क्ष + ३)(क्ष − १)² असे लिहून क्ष = ० ठेवावे. ३अ = ६, म्हणून अ = २. मुळांवरून सूत्र पूर्ण ठरत नाही. ताण देणारा हा अ शोधण्यासाठी अक्षाबाहेरचा एक बिंदू नेहमी लागतो.

पुठ्ठ्याची पेटी

शेवटी एक प्रत्यक्ष उपयोग. ३० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून क्ष सेंमी बाजूचे चौरस कापून, कडा वर दुमडून उघडी पेटी करायची आहे. तिचे घनफळ य = क्ष(३० − २क्ष)(२० − २क्ष) घनसेंमी होईल. कंस सोडवले, तर ४क्ष³ − १००क्ष² + ६००क्ष मिळते. पण आलेखासाठी ते सोडवू नयेत, कारण अवयव रूपातच मुळे समोर दिसतात: ०, १० आणि १५. अग्रपद ४क्ष³ आहे, म्हणून आलेख खालून येतो, ० ला छेदून वर जातो, १० ला छेदून खाली उतरतो आणि १५ ला छेदून पुन्हा वर जातो.

येथे बहुपदी आणि वस्तू यांच्यात फरक करावा लागतो. क्ष = २० घेतल्यास सूत्र ४००० घनसेंमी हे उत्तर देते, परंतु वीस सेंमी रुंद पुठ्ठ्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून वीस-वीस सेंमी कापता येत नाहीत; दोन ऋण लांबींचा गुणाकार धन आला, एवढेच त्याचे कारण आहे. म्हणून आलेखाचा ० ते १० हाच भाग ठेवावा आणि उरलेला तुटक रेषेने दाखवावा. या भागात एक माथा आहे. क्ष = ३ ला घनफळ १००८, क्ष = ४ ला १०५६ आणि क्ष = ५ ला १००० येते, म्हणजे माथा ४ च्या जवळ आहे; ३.९ घेऊन पाहिल्यास १०५६.२७६ मिळते आणि अवकलनाने त्याची नेमकी जागा सुमारे ३.९२ येते. माथ्याजवळ आलेख आडवा असतो, त्यामुळे कात्रीने सरळ ४ सेंमी कापले तरी पेटीचे घनफळ अर्ध्या घनसेंमीनेसुद्धा कमी होत नाही.